चार बोटं फट

माझ्या माहेरच्या घरात, मधल्या खोलीच्या दारामागे, भिंतीत एक सागाची खुंटी आहे. तिच्यावर परवापरवापर्यंत माझ्या भावाच्या मोबाइलचा चार्जर लटकायचा. खुंटीच्या मानेला गोल खाच पडलेली आहे, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागते. रंगाऱ्यानं भिंतीबरोबर तिलाही आकाशी रंग फासला होता, पण खाचेत काही तो टिकला नाही. मी माहेरी शिरले की माझा हात आधी त्या खाचेवर जातो, देवाला नमस्कार मागाहून. कोणी नावं ठेवली तर ठेवोत.

त्या खुंटीला पूर्वी एक दोरी असायची. अंबाडीची, बाबांनी घरीच वळलेली. ती खुंटीवरून सरळ वर जायची, माळ्याच्या फळ्यांमधल्या भोकातून आत शिरायची, आढ्याला टांगलेल्या कप्पीवरून वळायची आणि उत्तरेच्या झरोक्याला लावलेल्या फळीशी पोचायची. दोरी ओढली की फळी आतल्या अंगाला उचलली जायची, ढिली केली की आपल्याच वजनानं खाली यायची. हे दोरीचं काम माझं. धाकट्या भावाला ते कधीच मिळालं नाही आणि पन्नाशी उलटली तरी तो त्यावरून कुरकुरतो.

यंदा मार्गशीर्षात त्याचाच फोन आला. मी जळगाव जामोदला दिलेली. तिथून माझं माहेर काही लांब नाही, संग्रामपूरच्या गाडीत बसायचं आणि फाट्यावर उतरायचं. पण बायकांचं माहेर कितीही जवळ असलं तरी ते सणावारीच जवळ असतं.

"ताई, दोन दिवस येऊन जा," विलास म्हणाला. "माय रोज घरी जातो म्हणते."

"मंग आता कुठी हाये ते?"

"घरीच हाये न."

आणि त्यानं फोन ठेवून दिला. माझा भाऊ असा मधेच फोन ठेवत नाही, म्हणून मी त्याच दुपारी निघाले.

माय म्हणजे आमची आई. ऐंशी पार केलेली. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षापासून तिच्या डोक्यातून एकेक माणूस उठून जायला लागलं. आधी नातवंडं गेली, मग सून, मग आम्ही दोघं. कधी ओळखते, कधी नाही. दिवसभर बरी असते. दिवस कलला की मात्र पेटीतून एक लुगडं काढते, त्यात फणी आणि चष्म्याचं घर ठेवते, चारी टोकं जुळवून गाठोडं बांधते आणि खाटेच्या कडेला बसते. समोर जो असेल त्याला म्हणते, "चाल बाप्पा, दिवस बुडाला. मले घरी नेऊन दे."

विलासनं सगळं करून पाहिलं होतं. त्याला वाटलं, ती तिच्या माहेराबद्दल बोलत असेल. म्हणून त्यानं तिला ऑटोत घालून सातपुड्याच्या पायथ्याशी मामाच्या गावी नेलं. मामेभावानं चहा दिला, वहिनीनं ओटी भरली, माय सगळ्यांशी गोड बोलली. आणि ऊन उतरल्याबरोबर उठून उभी राहिली, "चाला, घरी जाऊ." परत आणलं तर दारातच थबकली. "हे कोणाचं घर होय?" असं तिनं विचारलं म्हणे. जिथं ती लग्न होऊन आली, जिथं आम्ही दोघं जन्मलो, त्याच दारात.

"तू घेऊन जा तिले," मी पोचल्यावर हातपाय धुतेय न धुतेय तोच विलास म्हणाला. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, हळू आवाजात. "मी तिले कटायलो नाई, ताई. पण मले आता दिवस बुडायचं भेव वाटते. कदाचित तुह्या घरी तिले घर वाटन."

माझं तोंड फाटकं आहे हे सगळ्या गोतात माहीत आहे, पण त्या वेळी मी नुसते ओले हात पदराला पुसत राहिले. ऐंशी पार केलेलं माणूस घरातून उचलून नेलं की ते परत कसं येतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. न्यायचं असेल तर परवाच्या गाडीनं न्यायचं, एवढंच ठरलं.

आत गेले. माय खाटेवर बसलेली. मी पाया पडले तर तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "कोण्या गावची वो बाई तू?"

"जळगावची."

"बरं. च्या घेऊन जाजो."

तिच्या शेजारी बसले आणि मला वास आला. ओल्या फडक्याचा, बंद पेटीचा. वर पाहिलं. विलासनं काही वर्षांपूर्वी कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून टिनं टाकली होती, माळ्याच्या फळ्या काढल्या होत्या आणि टिनाखाली पांढरंशुभ्र पीओपीचं छत बसवलं होतं, कोपऱ्याकोपऱ्यात गुलाबाची फुलं काढलेलं. वास्तुशांतीला मी त्याचं पोटभर कौतुक केलं होतं, खोटं कशाला बोलू. आता त्या गुलाबांना पिवळे डाग पडले होते. एका कोपऱ्यात काळी बुरशी उतरत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत मधल्या पंख्याच्या आकड्याला एक थेंब जमला, फुगला आणि खाली ठेवलेल्या तगारीत पडला.

"पाऊस कुठी हाये अन् हे टपकून काऊन राह्यलं?" मी शोभाला विचारलं. शोभा म्हणजे विलासची बायको. कामाची, कमी बोलणारी, पण बोलली की नेमकं बोलणारी.

"तेच तं कोणाले समजत नाई, ताई. पावसाळ्यात एवढं नव्हतं. थंडी पडली तसं सुरू झालं. शेजारच्या काकी म्हणे, घराले नजर लागली. म्हणून लिंबू-मिरची बांधली."

मी दाराकडे पाहिलं. लिंबाला पण बुरशी आलेली.

"नजरेलेच नजर लागली वाटते," मी म्हटलं. शोभा हसली. बरेच दिवसांनी हसली असावी, कारण विलासनं आत डोकावून पाहिलं.

विलासनं यंदा त्या टिनावर काय काय केलं नव्हतं. डांबर लावलं, पांढरं चिकट कसलंसं औषध लावलं. जिथं उजेडाची रेघ दिसली तिथं सिमेंट भरलं. एक फट ठेवली नाही. आणि जितकं बुजवावं तितकं सकाळी जास्त टपकायचं. रात्री निजताना तगारी, भगोनं, बादली अशी मांडणी व्हायची आणि पहाटे उठून कडेकडेनं चालावं लागायचं.

मी त्या ओल्या वासात पडून राहिले आणि मला जुन्या माळ्याचा वास आठवायला लागला. आठवायला लागला म्हणजे येतच होता म्हणा. लसणाच्या जुड्यांचा आणि भुईमुगाच्या शेंगांना चिकटलेल्या मातीचा. गव्हाच्या कणगीत घातलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा, वाळून कडक झालेल्या. जुन्या घोंगडीचा. आणि या सगळ्यांवरून फिरणाऱ्या चुलीच्या धुराचा, जो आमच्या केसांतही असायचा आणि शाळेत झाडाच्या सावलीत बसलं की मला मायची आठवण करून द्यायचा.

आमचं घर साधं शेतकऱ्याचं. तीन खोल्या, पुढं सपरी, मागं न्हाणी आणि गोठा. खोल्यांच्या डोक्यावर फळ्यांचा माळा, त्यावर कवेलूचं छप्पर. दक्षिणेच्या भिंतीत, अगदी आढ्याखाली, बाबांनी अर्ध्या कवेलूंची जाळी बसवली होती. ती बारा महिने उघडी. तिच्यातून वारा शिरायचा, माळाभर फिरायचा आणि उत्तरेच्या झरोक्यातून निघून जायचा. सकाळी माय न्हाणीत हंडा उतरवायची, चुलीवर दूध चढवायची आणि तिथूनच म्हणायची, "पोरी, वाफ जाऊ दे." मी डोळे चोळत खुंटीपाशी जायची. दोरी ओढली की वर कप्पी कुईं करायची, फळी उचलली जायची आणि माळ्यावर उजेड पडायचा. त्या उजेडाच्या बारीक रेघा फळ्यांच्या फटींतून खाली यायच्या, जमिनीवर, गोधड्यांवर, भाकरी खात बसलेल्या बाबांच्या पाठीवर. विलास त्या रेघा चुकवत चालायचा. रेघेवर पाय पडला की चटका बसतो, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं.

सांजेला दिवे लागले की दोरी ढिली करायची, पण पुरती नाही. दोरीला एक गाठ मारलेली होती. ती गाठ खुंटीला अडली की फळी चार बोटं उघडी राहायची. चार बोटांतून बोका शिरत नाही, पारवा शिरत नाही, आणि घरातली वाफ मात्र रात्रभर निघून जाते. हे सगळं मायनं मला कधी बसवून सांगितलं असं नाही. ती एवढंच म्हणायची, "माणसाचं तोंड अन् घराचं छप्पर, चार बोटं उघडं पाह्यजे." बाबा लगेच माझ्याकडे पाहून म्हणायचे, "इचं तं हातभर उघडं रायते."

उन्हाळ्यात माळा भरायचा. शेवया, कुरोड्या, सरगुंडे. सरगुंडे म्हणजे काडीवर वळलेले गव्हाच्या पिठाचे पोकळ तुकडे, जावई आला की आमच्याकडे आमरसाबरोबर लागतात. अंगणात खाटांवर ते वाळायचे आणि आम्ही पोरं कावळे हाकलायला बसायचो आणि कावळ्यांपेक्षा जास्त खायचो. वाळलं की सगळं वर जायचं. माय निसणीवर मधोमध उभी राहायची, मी खालून पाट्या द्यायची. आमच्याकडे शिडीला निसणी म्हणतात. तिच्या मधल्या पायऱ्या मायच्या पावलांनी खोलगट झाल्या होत्या.

मग झड लागायची. झड म्हणजे नुसता पाऊस नव्हे. आभाळ खाली बसतं, ऊन नाही, वारा नाही, बारीक बारीक पडत राहतं, गोधड्या दमट, काड्यापेटी दमट, मीठ पाझरतं, माणसं चिडचिडी. पण माळ्यावर लसूण कोरडा असायचा. पाहुण्या बायका विचारायच्या, "काय वो, तुमच्या शेवयाले बुरा कसा लागत नाई?" माय काहीतरी गुळमुळीत बोलायची. तिला त्याचा भारी अभिमान होता आणि तो दाखवायची भारी लाज.

झडीत कधीतरी उघाड यायची. ऊन पडलं की माय हातातलं काम टाकायची. चुलीवर भाजी असली तर मला म्हणायची, "पाह्य तिच्याकडं," आणि निसणी चढायची. वर सगळं उलथंपालथं व्हायचं. जुड्या झटकल्या जायच्या, कणगीवरची झाकणं निघायची, शेंगा पसरल्या जायच्या, त्यांचा खडखडाट खाली ऐकू यायचा. मग आवाज थांबायचा. आवाज थांबला तरी माय खाली यायची नाही. बराच वेळ. आम्हाला वाटायचं, काम असेल.

एकदा भाजी करपायला आली म्हणून मी विचारायला वर चढले. माय झरोक्यापाशी बसलेली होती. पाय पसरून, डोक्यावरचा पदर मानेवर पडलेला, हात मांडीवर मोकळे. झरोक्यातून सातपुडा दिसत होता, धुतल्यासारखा निळा. दक्षिणेच्या जाळीतून येणारा वारा तिच्या पाठीवरून जात होता आणि कानापाशी सुटलेले केस उडवत होता. मी तिला रिकामी बसलेली तोवर कधी पाहिलीच नव्हती. खाली ती कोणाची तरी बायको, कोणाची तरी सून, आमची माय होती. वर ती नुसती बसलेली होती. मी न बोलता खाली उतरले आणि भाजीत पाणी ओतलं. भाजी बिघडली. माय त्या दिवशी रागावली नाही, आणि मला ती फार आवडली.

दुसऱ्या दिवशी शोभा भाकरी करत होती आणि मी ताटं घेत होते. शोभानं गरम भाकरी रुमालात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात घातल्या होत्या. नवा डबा, चांगला मोठा. मी झाकण उघडलं आणि झाकणाच्या आतून पाणी ओघळून वरच्या भाकरीवर पडलं. वरची भाकर पार चिंब.

"अवो शोभा, भाकरी घामेजल्या न," मी म्हटलं. "दुरडीत उभ्या करून ठेवत जा."

शोभा माझ्या हातातल्या झाकणाकडे पाहत राहिली. मग तिनं वर छताकडे पाहिलं. मग परत झाकणाकडे.

"ताई," ती म्हणाली, "आपलं छत असंच तं नाई झालं?"

मी झाकण हातात धरून तशीच उभी. थेंब माझ्या पायावर पडत होते. पाणी बाहेरून येतच नव्हतं. आमच्याच चुलीची वाफ, न्हाणीची वाफ, आमचेच श्वास. वर जाऊन थंडगार टिनाला लागत होते आणि कुठूनच वाट नाही म्हणून आमच्याच अंगावर परत पडत होते.

विलासला बोलावलं. त्यानं छताला ठेवलेली चौकोनी झडप काढली, टेबलावर खुर्ची ठेवून डोकं आत घातलं आणि टॉर्च लावला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते.

"काय दिसते बे?"

"टिनं आतून निरे ओले हायेत," आतून घुमल्यासारखा आवाज आला. "घाम आल्यासारखे."

"अन् झरोका?"

तो खाली उतरला. केसात धूळ, कपाळावर थेंब. खुर्चीवर बसला. "झरोका म्या बुजवला," तो म्हणाला. "जाळी पण. टिनं टाकायच्या आधीच."

मी तोंड उघडलं होतं. काय काय बोलायचं ते सगळं जिभेवर होतं. पण तो खाली मान घालून बोलत राहिला.

"तू नव्हती तवा. म्या वावरातून आलो तं माय घरात नाई. सगळा गाव पाह्यला. ते वरतं होती. निसणी सरकून पडली होती खालतं, अन् हे वरतं झरोक्यापाशी बसून. म्या म्हटलं, चढली कशी, अन् पडली असती तं. अठ्ठ्याहत्तराची बाई. तवापासून मले वावरात चैन पडे ना. निसणी जाळून टाकली. झरोका बुजवला. म्हटलं, वरतं काई ठेवलंच नाई तं चढन कशाले."

शोभा भिंतीला टेकून उभी होती. तव्यावरची भाकर जळायला लागली होती, ती कोणी काढली नाही. मला माझा भाऊ लहान दिसायला लागला, उजेडाच्या रेघा चुकवत चालणारा. त्यानं बुजवलेली प्रत्येक फट भीतीनं बुजवली होती, मायेनं बुजवली होती. मी त्याच्या केसांतली धूळ झटकली. फाटक्या तोंडाच्या माणसाला एवढं न बोलणं जड जातं, पण त्या दिवशी जमलं.

"चाल, छिन्नी कुठी हाये?" मी विचारलं.

दुपारभर विलास बाहेरून शिडी लावून भिंत फोडत होता. आधी दक्षिणेची जाळी. सिमेंटचा थर निघाला आणि मागं बाबांचे अर्धे कवेलू जसेच्या तसे. एकही फुटलेला नाही. मग उत्तरेचा झरोका. फळीसाठी आम्ही सगळं घर शोधलं, आणि ती सापडली गोठ्यात, कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावलेली. कोंबड्यांची समजूत शोभानं काढली. जुनी कप्पी आढ्याबरोबरच गेली होती, तर विलासनं विहिरीवरची छोटी कप्पी आणून वर लोखंडी पाइपाला बांधली. अंबाडीची दोरी आता कोण वळतो, म्हणून बैलाचं निळं नायलॉनचं दावं घेतलं. पीओपीच्या एका गुलाबाच्या मधोमध भोक पाडून ते खाली सोडलं. मी खुंटीवरचा चार्जर काढला आणि विलासच्या हातात दिला. दावं खाचेत बसलं.

"ओढू का मी?" विलासनं विचारलं.

"हात लावून तं पाह्य."

तो हसला आणि बाजूला झाला. मी ओढलं. कप्पी कुईं करायच्या ऐवजी खरखरली, पण वर फळी उचलली गेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग दावं घातलेल्या भोकातून, उघड्या झडपेतून, वर काहीतरी हललं असं वाटलं, आणि घरातली कोंदलेली हवा सरकायला लागली. शोभानं चुलीतला धूर वर चढताना दाखवला. कालपर्यंत तो छताखाली लोंबत राहायचा, आता तो वर जाऊन नाहीसा होत होता.

माय हे सगळं खाटेवरून पाहत होती. दुसऱ्याच्या घरी चाललेलं बांधकाम पाहावं तसं. तिला काही वाटलं असं दिसलं नाही, आणि मला खोटं बोलायचं नाही, मी खट्टू झाले. काय वाटलं होतं मला? की वारा लागला आणि ती उठून मला नावानं हाक मारेल? म्हातारपण असं दोरी ओढून उघडत नाही. मी माझी पिशवी भरायला घेतली. मायचीही. सकाळच्या गाडीची वेळ विलासनं विचारून ठेवली होती.

दिवस कलला. माय उठली, पेटी उघडली, लुगडं काढलं, फणी ठेवली, चष्म्याचं घर ठेवलं. गाठोडं बांधून खाटेच्या कडेला बसली. विलास सपरीत निघून गेला. त्याला ते ऐकवत नसे.

"चाल वो बाई," माय मला म्हणाली. "दिवस बुडाला. मले घरी नेऊन दे."

मी तिच्यापुढे जमिनीवर बसले. "सकायी जाऊ," मी म्हटलं. माझा आवाज मलाच आवडला नाही.

बाहेर वारा फिरला असावा. थंडीत सांजेला आमच्याकडे सातपुड्याकडून गार वारा उतरतो. वर फळी हलली आणि पाइपावर आपटली. खट्ट. माय थांबली. तिनं मान वर केली. परत खट्ट. वरून गार हवेचा एक झोत खाली आला, आणि त्याच्यात काय होतं कोण जाणे, गोठ्याचा वास, गोवऱ्यांच्या धुराचा, शेजारच्या तुरीच्या वावराचा. रोजच्या सांजेचाच वास. पण त्या घरात तो किती दिवसांनी आला होता.

"पोरी," माय म्हणाली. तो आवाज वेगळा होता, न्हाणीतून यायचा तो. "दिवे लागले, दोरी ढिली कर. बोका शिरन वरतं."

मी उठले. खुंटीपाशी गेले, दाव्याचा वेढा सोडला आणि मग लक्षात आलं की नव्या दाव्याला गाठ नाही. किती सोडायचं ते मला कळेना. लहानपणी ते गाठीनं सांगितलं होतं, मी कधी शिकलेच नव्हते.

"थांब," मायनं गाठोडं खाटेवर ठेवलं. ती उठली, हळूहळू आली आणि माझ्या हातातून दावं घेतलं. तळव्यातून ते सरकू दिलं, थोडं, आणखी थोडं, वर न पाहता. एका जागी थांबली. खुंटीला दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

विलास बाहेरून झरोक्याकडे पाहत होता. त्यानं अंगणातूनच हाताचा पंजा वर केला, अंगठा दुमडून. चार बोटं.

माय परत खाटेकडे गेली, पण बसली नाही. तिनं गाठोडं उचललं, सोडलं, लुगडं झटकून त्याची घडी घातली आणि पेटीत ठेवलं. फणी ठेवली. चष्म्याचं घर उशीखाली सरकवलं. मग खोलीभर नजर फिरवली, तगारीकडे पाहून नाक मुरडलं, "हे कोणं ठेवलं इथी मधातच," म्हणाली, आणि पायानं ती बाजूला सरकवली. मी अजून खुंटीपाशीच उभी होते. तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला वाटलं, आता नाव घेईल. तिच्या तोंडावर फार जुनी माया होती, दारात थांबलेल्या कोणाच्याही लेकीसाठी असते ती.

"जाय आता, पोरी," ती म्हणाली. "अंधार पडला. आपल्या घरी जाय. तुही माय वाट पाहून राह्यली असन."

"हाव," मी म्हटलं.

सपरीत येऊन मी पायरीवर बसले. विलास शेजारी येऊन बसला. आतून शोभानं दिवा लावल्याचा उजेड आला आणि मायचा आवाज, दोघी भाकरीवरून काहीतरी बोलत होत्या.

"काय म्हणे?" त्यानं विचारलं.

"राहू दे तिले इथीच," मी म्हटलं. "ते घरी आली."

"अन् तुले काय म्हणे?"

"मले जाय म्हणे, आपल्या घरी," मी म्हटलं, आणि मला हसू आलं, आणि मग हसता हसता मी किती रडले ते माझ्या भावानं मोजलं नाही, नुसता बसून राहिला.